सुनीतीबाईंची हिंदी

दुर्गाघाटावर पौरोहित्य करणारे यज्ञेश्वर पाळंदे दिवसभर यजमानांशी बनारसी हिंदीत बोलत. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आपल्या घरात पाऊल टाकलं की मात्र मराठीच. सात पिढ्या काशीत गेल्या तरी घरची बोली टिकून आहे, याचा त्यांना मोठा अभिमान. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायच्या. "सब्जी जळली आज," असं त्या म्हणाल्या की गुरुजी लगेच म्हणत, "भाजी करपली."

"अहो, करपली तर करपली. जेवा गुपचूप!"

माघात सुनीतीबाईंचं डोकं दुखू लागलं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. नवा चष्मा झाला, पित्तावरच्या गोळ्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि एका सकाळी त्यांनी गुरुजींनाच विचारलं, "गुरुजी घरात आहेत का?" गल्लीत गाडी येत नाही. शेजारच्या शरदला हाक मारून गुरुजींनी बाईंना खुर्चीत बसवलं आणि दोघांनी खुर्ची उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेली.

पाठीच्या कण्यातलं पाणी तपासल्यावर निदान झालं. मेंदूच्या आवरणाला क्षय झाला होता. औषधं लागू पडली, ताप उतरला, बाई ओळखून हसल्याही. आणि पाचव्या दिवशी चहाच्या कपाकडे जाणारा त्यांचा उजवा हात मध्येच गळून पडला. तोंड वाकडं झालं. बोलायला गेल्या, तर शब्दच येईना.

"औषध चालू असताना लकवा कसा होतो?" गुरुजींचा आवाज चढला.

डॉक्टर ईशानी त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने त्यांना बाकावर बसवलं. "बाबूजी, आवरणाला सूज आली की त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही सुजतात, आतून अरुंद होतात. त्यातलीच एक बंद पडली. यात कुणाची चूक नाही. या आजारात असं होऊ शकतं."

महिन्याभराने बाई घरी आल्या. काठी धरून चार पावलं टाकू लागल्या. हळूहळू एकेक शब्द येऊ लागला, पण सगळे हिंदी. "पानी." "दवा." नवऱ्याला हाक मारायची तर "सुनिए."

"पाणी म्हण, सुनीती. पा-णी." गुरुजींनी दोन-तीनदा हट्ट धरला. बाईंचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. गुरुजी इतके ओशाळले की पुढे त्यांना जेवण गेलं नाही.

"दोन भाषा असल्या की कधी कधी एक आधी परत येते," ईशानी फोनवर म्हणाली. "जी आली आहे तीच बोला त्यांच्याशी."

मग पाळंद्यांच्या घरात हिंदी सुरू झाली. रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या देताना हिंदी, कणकेचा गोळा उजव्या मुठीत दाबून घेताना हिंदी. एकदा वाढताना गुरुजींनी विचारलं, "दही खट्टी तो नहीं है?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. "खट्टी नहीं. दही... खट्टा होता है."

आजारानंतरचं ते पहिलं पूर्ण वाक्य! गुरुजींना इतका आनंद झाला की त्या दिवसापासून ते मुद्दाम चुका करू लागले. हाथी आयी, रोटी जल गया, काय वाटेल ते. बाई वाकड्या ओठांनी हसायच्या आणि प्रत्येक चूक सुधारायच्या. वाक्यं लांबत गेली. लबाडी त्यांच्या लक्षात आली असावी, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

आश्विनातली गोष्ट. गॅसवर दूध ठेवून गुरुजी दाराशी पंचांग बघत बसले होते.

"सुनिए... सु... अ..." स्वयंपाकघरातून आवाज आला. मग मोठ्याने, "अहो!"

पंचांग हातातून पडलं. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"अहो, दूध!"

गुरुजींनी गॅसकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी थेट पुण्याला लेकीला, ऋताला फोन लावला. "ऋता, आई मराठीत बोलली!"

"खरंच? काय बोलली, बाबा?"

"दूध उतू जातंय, असं."

"अहो, मग गॅस बंद करा ना!"

तोवर सुनीतीबाईंनी भिंतीला टेकून, डाव्या हाताने तो बंद केला होता.