पास झालेली पिकअप

धुराच्या चाचणीत व्हर्लनची पिकअप सपशेल नापास झाली. अठ्ठ्याहत्तर सालची गाडी. आणखी तीन वर्षं म्हातारी असती, तर कॅलिफोर्नियाच्या नियमात तिला चाचणीच माफ होती, कुणी तिच्या वाटेला गेलं नसतं. नशीबच फुटकं, दुसरं काय!

"हा कॅमशाफ्टच तुझा वैरी," गेलन म्हणाला. ऑइलडेलमध्ये दोघं एकाच गल्लीत वाढले, गेलनचं गॅरेजही तिथंच. "इंजिनाला ही धडधड देतो खरा, पण अर्धं पेट्रोल न जळताच बाहेर टाकतो. परीक्षेपुरता साधा बसवू, पास झाली की हाच परत टाकू. सगळं गाव तेच करतं."

"आणि दोन वर्षांनी पुन्हा हाच तमाशा? साठी उलटली लेका माझी. आता काय तो कायमचा निकाल लाव."

व्हर्लनची बायको आर्लीन गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. तिला नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता, नावही आपणहून सुचत नव्हतं. पण या पिकअपची धडधड आवारात शिरली, की खिडकीशी जाऊन म्हणायची, "आला माझा व्हर्लन." मग तासभर तो तिचा नवरा असायचा. त्या तासावर माणूस जगत होता. गाडी रस्त्यावरून उतरली, तर तो तासही जाणार होता.

म्हणून दोघं कॅटलॉग घेऊन बसले. सरकारी मंजुरीचा नंबर असलेलेच भाग घ्यायचे, पण ताकदीचे घ्यायचे. कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन, नवा कॅम, धुराचे नवे पाइप. इंजिनवेड्या माणसाला एकदा ताकद दिसली, की बाकी काही दिसत नाही, मेलं! जुना माल व्हर्लनने भंगारात दिला.

"असा कॅम आता बनत नाही रे," गेलन म्हणाला, "राहू दे."

"अडगळ कशाला?"

पिकअप पास झाली. "लोण्यासारखी चालतेय," गेलन म्हणाला. "चालू आहे हेच कळत नाही."

व्हर्लन खुशीत वृद्धाश्रमात गेला. खिडकीत कुणी नव्हतं. झोपली असेल म्हणून त्याने जरा अॅक्सिलरेटर दाबला. नुसती घुरघुर झाली. तेव्हा त्याला कळलं, जुन्या कॅमबरोबर ती धडधडही गेली होती. तिथूनच त्याने भंगारवाल्याला फोन लावला. माल केव्हाच भट्टीत गेला होता.

आर्लीन खोलीत टक्क जागी होती.

"अहो, त्या खुर्चीवर नका बसू," ती म्हणाली. "माझा नवरा यायचाय."

"आर्लीन, मीच तो. व्हर्लन."

"काहीतरीच तुमचं." ती हसली. "तो आला की मला आधी ऐकू येतो."

व्हर्लन पलंगाच्या कडेला टेकला. त्याला रडू आवरेना.

"तुमचंही कुणी यायचं राहिलंय वाटतं," आर्लीन म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर थोपटलं. "जाताना फाटकापाशी तो दिसला, तर सांगाल का, मी जागीच आहे म्हणून?"

"सांगतो," व्हर्लन म्हणाला.