बाळामहाराजांची लाल पुडी

दीपकच्या पडवीत त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मांडवीतली निम्मी आळी चपला काढून आत उभी, उरलेली निम्मी खिडकीच्या गजांना लोंबकळलेली. मधोमध पाटावर लॅपटॉप, त्याला हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. आणि समोर भगव्या लुंगीतले बाळामहाराज.

"ॐ ह्रीं बूटाय स्वाहा!" महाराज गरजले. "माउसाय स्वाहा! सर्वविंडोपशमनाय स्वाहा!"

लाल कापडात शिवलेली बोटभर पुडी त्यांनी लॅपटॉपच्या कुशीतल्या फटीत खुपसली, बटण दाबलं आणि डोळे मिटले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि मग निळं चित्र उमटलं.

"उठला गो, उठला!" मासेवाली सखू ओरडली. लोकांनी हात जोडले. दीपकच्या बायकोनं, राहीनं, सुरमई महाराजांच्या पायाशी ठेवली. महाराज पैशाला शिवत नसत, सुरमई घेत. देवीला लागते म्हणे. देवीला बांगडा मात्र चालत नसे, मोठी चोखंदळ देवी!

कोपऱ्यात भरलेली पिशवी मांडीशी घेऊन दीपकची गंगाआत्या हे सगळं बघत होती. साडेअकराच्या एसटीनं तिला सावर्ड्याला जायचं होतं, एका लांबच्या चुलत दिराकडे, कायमचं. तिला जायचं होतं असं म्हणणं खोटंच, तिला धाडत होते.

झालं होतं असं. शेजारचा अस्लम कुवैतला एका कंपनीत ड्रायव्हर. कंपनीनं जुने लॅपटॉप काढून टाकले, तेव्हा सुट्टीवर येताना त्यानं एक उचलून आणला आणि दीपकला दिला. राहीनं त्या लॅपटॉपच्या भरवशावर झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी सोडली आणि एका हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं टायपिंग अंगावर घेतलं. पण लॅपटॉप लावला तर नुसता काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीतली एक रुसकी ओळ. तेवढ्यात कुठूनसे बाळामहाराज उगवले. पुडी बसली, मंत्र झाला, लॅपटॉप चालू! पण त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. लाईट गेली की तो बंद पडे, महाराजांनी येऊन पुन्हा पुडी लावली की चालू होई, पण राहीनं टाइप केलेलं सगळं गायब. आणि २००८ साली रत्नागिरीत लाईट कधी जात नसे, हेच विचारा! तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा महाराजांनी डोळे फिरवले आणि म्हणाले, "ह्या घरात पांढऱ्या कपाळाची सावली आहे. ती अक्षरं गिळतेय."

पांढऱ्या कपाळाची घरात एकच होती. तिनं दीपकला लहानाचा मोठा केला होता.

राहीनं आता घाईघाईनं पडद्यावर शोधलं. कालपर्यंत टाइप केलेली वीस पानं नव्हतीच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "रविवारी समारंभ आहे हो महाराज. मी तोंड कसं दाखवू?"

"ती अजून उंबऱ्याच्या आत बसलीय!" महाराजांनी बोट रोखलं.

दीपक मान खाली घालून पुटपुटला, "आत्या, गाडीची वेळ झाली."

 गंगाआत्याला असा काही राग आला, की ती पिशवी टाकून उठलीच. तीस वर्षं तिनं कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये शिपाईण म्हणून नोकरी केली होती. चंबू धुतले, तारा जोडल्या आणि दर जूनमध्ये नव्या पोरांवर ओरडणारे प्राध्यापक ऐकले: एका वेळी एकच गोष्ट बदला रे गाढवांनो, नायतर कशानं काय झालं ते कळणार कसं!

"महाराज," ती म्हणाली, "लॅपटॉप मंत्रानं उठतो की पुडीनं?"

"दोघांच्या संयोगानं, माई."

"मग दोन्ही वेगळं करून बघूया."

"यंत्र भस्म होईल!"

"माझ्यामुळं बिघडलंय ना? मग अजून काय बिघडायचंय त्याचं?"

"करू दे की आत्याला," दाराशी उभा अस्लम म्हणाला. "मी हाय ना जबाबदार."

आत्यानं लॅपटॉपचा प्लग काढला, परत लावला. पुडी होती तिथंच ठेवली. "आता महाराज, तोंडाला कुलूप." आणि तिनं आपल्या हातानं, त्याच अशुभ म्हणवलेल्या हातानं, बटण दाबलं. अक्षरं धावली. निळं चित्र आलं. मंत्राचा म सुद्धा कुणी उच्चारला नव्हता.

पडवीत कुजबुज झाली. आत्यानं पुन्हा प्लग काढला, आता पुडीही उपटून मुठीत धरली. "चला महाराज, आता तुमची पाळी. म्हणा पोटभर."

महाराजांनी मंत्र म्हटला. पडदा काळा आणि तीच रुसकी ओळ. त्यांनी आवाज चढवला. मग ठसका लागला. मग पाणी मागितलं. सखू म्हणाली, "मेल्या, पाणी कसला मागतोस, लॅपटॉप उठव!"

आत्यानं कात्रीनं पुडीची शिवण उसवली. आतून निघाला साधा पेन ड्राइव्ह. देवी नाही, भस्म नाही, काही नाही.

"आता खरं बोल बाळा," आत्या म्हणाली. महाराजांचा बाळा व्हायला एवढाच वेळ लागला.

बाळानं कबूल केलं. मुंबईत तो कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. कंपन्या जुनं मशीन विकताना त्यातलं सगळं पुसून टाकतात. डिस्क कोरी, म्हणून लॅपटॉपला उठायचं कसं तेच ठाऊक नाही. ते शिकवणारी सिस्टिम पेन ड्राइव्हमध्ये होती, म्हणून पुडी असली की चालायचा. आणि राही जे टाइप करी ते तात्पुरत्या मेमरीत राहायचं, वीज गेली की पुसलं जायचं. सावलीबिवलीचा काही संबंध नव्हता.

"तीच सिस्टिम आतल्या डिस्कवर कायमची बसवता येते?" आत्यानं विचारलं.

"येते. तासाभराचं काम."

"मग पहिल्याच दिवशी का नाय बसवलीस?"

बाळानं सुरमईकडे बघितलं आणि नजर चोरली.

"बस खाली," आत्या म्हणाली. "आणि बसव."

अख्ख्या आळीच्या पहाऱ्यात बाळानं लुंगी सावरून सिस्टिम बसवली, मंत्राविना. राहीनं एक ओळ टाइप करून सेव्ह केली. आत्यानं प्लग खेचला, परत लावला. पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत होता. लॅपटॉप उठला. ओळ होती तिथंच होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळा सुरमई न घेताच सटकला.

एसटी एव्हाना गेली होती. दीपकनं आत्याची पिशवी उचलली आणि आत नेऊ लागला. आत्यानं त्याचं मनगट धरलं.

"थांब. लोकांसमोर धाडत होतास, तर लोकांसमोरच ऐक. ह्या डबड्याला तुम्ही चार वेळा लावून बघितलंत. रडलात, ओवाळलंत, सुरमया दिल्यात. माझ्यावर आळ आला तेव्हा कुणी एकदा तरी म्हणालात, की खरं की खोटं ते बघूया? मला चार दिवस शेजारी अस्लमकडे ठेवायचंत. मी नसताना अक्षरं गेली असती, की कळलंच असतं. एवढं सोपं होतं रे. पण बघायचं कुणाच्या मनातच आलं नाय."

दीपकला रडू फुटलं. राहीनं पदरात तोंड लपवलं. खिडकीतली माणसं एकेक करून खाली उतरली, कारण ऐकायला जरा जड जात होतं.

"कुणी काही सांगितलं तर ऐका," आत्या सगळ्यांना म्हणाली. "पण कुणाला घराबाहेर काढण्याआधी स्वतः तपासून बघा. न तपासता ज्याच्यावर विश्वास ठेवलात, त्याचं काय गेलं? आज मी जात होते."