अडकलेल्या लिफ्टमधला निवाडा

भाऊजींचे गुडघे गेले आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं संपलं. तोवर शहरातल्या लिफ्टा त्यांना अशा वचकून असायच्या, की ते नुसते खोकले तरी दार उघडायचं. मग लिफ्टदुरुस्तीचा धंदा करणाऱ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, त्यांना अडगळीच्या खोलीत बसवलं, एआय एजंटांच्या मशीनची राखण करायला. हे एजंट अडकलेल्या माणसांचे फोन घ्यायचे, जवळचा मेकॅनिक धाडायचे, सुटे भाग मागवायचे. मशीन इतकं तापायचं, की भिंतीवरच्या पाली शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या.

अशात एक कंपनी आली. "एजंट आमच्याकडे ठेवा. मशीन आमचं, डोकेदुखीही आमची."

मेहुण्याच्या तोंडाला पाणी सुटलं. भाऊजींच्या तोंडचं पळालं. मशीन गेलं की खुर्ची गेली, आणि या गुडघ्यांना दुसरी खुर्ची कोण देणार?

काही दिवस घरचं मशीन आणि कंपनीचं, दोन्ही चालवून पाहिलं. निकालाच्या दिवशी दोघं लिफ्टनं वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात निघाले, आणि मध्येच वीज गेली. सगळ्या शहराची.

"लावा तुमच्या लाडक्याला फोन," अंधारात मेहुणा म्हणाला.

लावला. पलीकडे सामसूम. वीज गेली की लिफ्टा अडकणार, आणि त्याच क्षणी मशीनही मरणार, हे जन्म लिफ्टांत घालवलेल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बॅटरी, भाऊजी?"

"तूच म्हणालास, पुढच्या वर्षी बघू."

"आता माझ्यावर ढकला!"

मेहुण्यानं कंपनीचा नंबर लावला. त्यांचं मशीन दुसऱ्या शहरात, तिथं वीज होती. लगेच मधाळ आवाज आला, "आपण अडकलात, वाईट वाटलं. आपल्याआधी बरेच जण अडकलेत. कृपया थांबा." शहरातले बाकीचे लिफ्टवाले आधीच याच कंपनीकडे गेलेले. जरा वेळानं पुन्हा, "आपण अजून अडकलेले आहात का?"

"छे, हवा खायला आलोय!" भाऊजी ओरडले.

"ऐकून आनंद झाला," म्हणत आवाजानं तक्रार मिटवून टाकली.

"बघितलंस? सुटलो म्हणे आपण!" भाऊजींना वाटलं, जिंकलो.

मेहुण्यानं फोन खिशात टाकला. "पण त्यानं फोन उचलला, भाऊजी."

"सोडवलं कुठं?"

"तुमच्या मशीननं तरी कुठं सोडवलं? हा निदान बोलला. अंधारात गिऱ्हाइकाला कुणीतरी बोलायला लागतं."

"मग मला बसव की फोनवर. मी बोलतो."

"तुम्ही इथं अडकलायत, भाऊजी."

 भाऊजी भिंतीला टेकून खाली बसले.

वीज आली. मेहुणा कंपनीच्या कागदांवर सही करायला उतरला. दार मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. भाऊजी तसेच बसून होते. गुडघे उठू देत नव्हते, आणि उठून जाण्याजोगी खोलीही आता राहिली नव्हती.