पान्यांच्या खणात पेन्सिली

या मित्रांनो, जरा जवळ सरका. घाई असेल तर आत्ताच उठा, कारण मी एकदा सुरू झालो की मधे थांबत नाही. आज तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याचा चेहरा आता फक्त मला ठाऊक आहे, आणि सांगायला मला तोंड नाही. तुमच्याशी बोलतोय ते वेगळं. त्याच्या घरच्यांना माझं ऐकू जात नाही, ही खरी पंचाईत.

मी एक जुना कापडी बस्ता आहे. ताडपत्रीचा. ओळीनं शिवलेले खण, वर झाकायला एक पट्टा, गुंडाळायचं आणि नाडीनं बांधायचं, झालं. आज माझ्या खणांत रंगीत पेन्सिली आहेत, दोन-चार पेनं आहेत. पण जन्मलो तेव्हा माझ्या पोटात लोखंड होतं.

ट्रकवरची हूडं, म्हणजे ताडपत्रीची छतं, शिवणाऱ्या एका कारागिरानं मला दाभणानं शिवलं. ज्याच्यासाठी शिवलं तो ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री. तो म्हणाला, "असा शीव की माझ्यानंतरही टिकला पाहिजे." हूडवाला हसला. "तू त्याला रोज तेलात बुडवणार. तुझ्या आधी तोच जाईल बघ."

हूडवाला शिवण्यात पक्का होता, बाकी सगळं चुकलं त्याचं.

मिस्त्रीबरोबर मी रस्त्यारस्त्यानं हिंडलो. गाडी बंद पडली की तो मला जमिनीवर उलगडायचा. लहान पाने, मोठे पाने, पक्कड, पेचकस, सगळे आपापल्या खणात शहाण्यासारखे उभे. तो गाडीखाली जायचा, परत यायचा, माझ्यावर वाकून हवा तो पाना शोधायचा. वाकला की त्याचा अख्खा चेहरा माझ्यावर. नाकाच्या शेंड्यावरचा घाम टपकन माझ्यावर. मला वाटतं जगात त्याच्याकडं इतकं समोरून, इतक्या जवळून कुणीच बघितलं नसेल. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. रोजचंच होतं.

मग एक दिवस दुपारी निरोप आला, पुढच्या वळणावर ट्रक अडकलाय. किरकोळ काम होतं. मिस्त्रीनं एक पाना आणि पक्कड खिशात टाकली, मला घरातल्या खुंटीला अडकवलं आणि गेला.

गेला तो गेलाच.

ट्रक दुरुस्त झाला होता बरं का. ड्रायव्हरनं सगळ्यांना तेच सांगितलं. "इंजिन चालू करून दिलं, हात पुसले, आणि घराकडं चालत निघाला. मी बघितला ना जाताना." सरळ रस्ता, उजेडाची वेळ, ना ओढा ना दरी. लोकांनी शोध शोध शोधलं. रस्ता होता तिथं होता, घर होतं तिथं होतं, मधला माणूस तेवढा नव्हता.

त्याची पोरगी तेव्हा रांगत होती. तिला सगळे बारकी म्हणायचे. पुढं तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी ती बारकीच राहिली.

मी खुंटीवर. बारकीची आई माझ्यावरची धूळ झटकायची, पण नाडी कधी सोडली नाही. दाराची कडी वाजली की आधी दाराकडं बघायची, मग माझ्याकडं. हत्यारं तयार आहेत ना, असं बघायची. मित्रांनो, असं कुणी वर्षानुवर्षं बघत राहिलं की कापडाला सुद्धा झोप लागत नाही.

बारकी मोठी झाली, चित्रं काढायला शिकली आणि एका फ्रेमच्या दुकानात लागली. तिथं लोक मेलेल्यांचे फोटो मोठे करायला यायचे. पण काहींकडं फोटोच नसायचा. दुकानदार त्यांना बारकीकडं पाठवायचा, "ही ऐकून काढते." आणि ती खरंच ऐकून काढायची. त्यांच्या घरी जायची, भावाचं कपाळ बघायची, आत्याची हनुवटी बघायची. पण सगळ्यात आधी एकच विचारायची, "तुम्ही त्यांना कुठून बघायचात?"

लोक गोंधळायचे. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कुठून म्हणजे? डोळ्यांनी!"

"तसं नाही काका. तुम्ही कुठं असायचात, ते कुठं असायचे?"

म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, "दादा मला खांद्यावर घ्यायचा. मला त्याचं डोकंच आठवतं. दोन भोवरे होते." बारकीनं आधी ते दोन भोवरे काढले. तिथून खाली कपाळ उतरलं, कपाळाखालून डोळे उतरले. म्हातारा उठून बाहेर जाऊन उभा राहिला तो बराच वेळ आत आला नाही.

आता माझी बारी. घरोघरी जायचं म्हणजे पेन्सिली न्यायला काहीतरी हवं. बारकीकडं पत्र्याचा डबा होता. बसमध्ये तो असा खडखडायचा की पुढचा माणूस वळून बघायचा. आणि पेन्सिली आतल्या आत मोडायच्या. टोक करायला घ्यावं तर शिसं गळून पडायचं, परत टोक करा, परत गळायचं. शेवटी ती वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गेली नवीन काहीतरी बघायला. घरी येऊन तिनं आईला सगळी नक्कल करून दाखवली, म्हणून मला ठाऊक.

दुकानदारानं चेनची पिशवी काढली. बारकीनं त्यात चार पेन्सिली टाकल्या आणि कानाशी धरून हलवली. लाकडी पेटी काढली, तीही हलवली. प्लास्टिकचा डबा काढला, तोही. दुकानदार म्हणाला, "ताई, पेन्सिली आहेत, अंडी नाहीत."

"अंडं फुटलं तर दिसतं तरी, दादा. ही मोडलेली कळत नाही."

"मग ही पेटी घ्या ना. मजबूत आहे. हत्ती उभा राहिला तरी काही होणार नाही."

"हत्तीला कशाला त्रास? मला मांडीवर उघडता आली पाहिजे. प्रत्येक पेन्सिलीला स्वतःची जागा पाहिजे, आणि रंग वरून दिसला पाहिजे. आणि वाजता कामा नये."

"वाजली तर काय बिघडतं?"

"मी जाते त्या घरात वाजून चालत नाही."

दुकानदारानं पेटी फळीवर परत ठेवली. मग म्हणाला, "असलं काही माझ्याकडं नाही. असलं शिवूनच घ्यावं लागतं."

हे सांगता सांगता बारकी थांबली. वर बघितलं. मी खुंटीवर होतोच.

आईनं ओळखलं. "तो बस्ता खाली काढू नको."

"का गं?"

"आले आणि हत्यारं मागितली तर?"

बारकीला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "तर देईन ना काढून. हत्यारं कुठं पळतायत? पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवते, पुसून."

थोड्या वेळानं आईनंच दाभण शोधून आणून दिलं.

पान्याचे खण पेन्सिलीला ढगळ. बारकीनं प्रत्येक खणाच्या मधून शिवण घातली आणि एकाचे दोन-तीन केले. खालून कापूस भरला, नाहीतर पेन्सिली आत बुडायच्या. सोड्यात घालून धुतलं मला, पिळलं, पुन्हा धुतलं. पण मिस्त्रीच्या हाताचं तेल माझ्यातून गेलं नाही. ते पेन्सिलीला लागायचं, पेन्सिलीवरून कागदाला. आणि तेलकट कागदावर रंग बसत नाही. बारकीच्या प्रत्येक चित्रात कुठंतरी एक ठिपका कोराच राहायचा. ती चिडायची, "हे कुणाचं बोट मधे मधे येतंय?"

मला ठाऊक होतं कुणाचं.

अशी आम्ही किती घरं फिरलो, मोजदाद नाही. लोक माझंही कौतुक करायचे, "कुठून घेतली हो ही पिशवी? छान आहे." बारकी म्हणायची, "घरचीच आहे." मी मांडीवर पसरायचो आणि माझ्या डोळ्यांदेखत मेलेली माणसं कागदावर उठून बसायची. एका बाईनं कागदाला विचारलं होतं, "इतके दिवस कुठं होतात?" त्या दिवशी घरी येऊन बारकीनं आईला विचारलं, "आपण बाबांचं काढूया का?"

आई ताडकन म्हणाली, "चित्र मेलेल्याचं काढतात. तुझे वडील बाहेर गेलेत."

विषय संपला. पुढं कितीतरी वर्षं तो संपलेलाच राहिला.

मग आई विसरायला लागली. आधी डबे, मग दिवस, मग माणसं. एकदा वीजमीटर बघणारा माणूस दारात उभा राहिला. आईनं त्याच्याकडं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की काय सांगू. "आलात? या, बसा. हत्यारं ट्रंकेत आहेत." तो बिचारा बसला, पाणी प्यायला आणि बारकीकडं बघत राहिला. बारकीनं खुणेनंच त्याला थोडं थांबायला सांगितलं.

तो गेल्यावर आई शुद्धीवर आल्यासारखी झाली. स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाली, "बारके, हे ते नव्हते ना?"

"नाही आई."

"मला वाटलं तेच. म्हणजे कुणीही आला तर मला तेच वाटणार आता." मग म्हणाली, "त्यांचा चेहरा माझ्याकडून चाललाय. सगळा जायच्या आत काढून ठेव. मेल्याचं म्हणून नको. हरवू नये म्हणून काढ."

बारकीनं तिथंच मला उलगडलं.

नाक? सरळ. कपाळ? असं, रुंद. डोळे? डोळे होते. बारकी काढत गेली. आईनं बघितलं. "हा मीटरवाला आहे."

दुसरा कागद. "ही तर तू आहेस, मिशा लावून."

तिसऱ्या कागदाकडं आईनं नुसतं बघितलं आणि रडकुंडीला आली. "माझ्याकडं काहीच नाही गं. इतकी वर्षं मी कुणाची वाट बघितली?"

आणि मी मांडीवर पसरलेलो, मित्रांनो! मला सगळं ठाऊक. डावी भुवई मधे तुटलेली. हसला की एकच गाल हलायचा. खालच्या ओठाला दातांनी धरायची खोड, पाना घट्ट बसला की ओठ सोडायचा. सगळं माझ्या उरात, आणि मी आपला गप्प, ताडपत्रीसारखा. अशी तडफड शत्रूलाही नको.

बारकीनं पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ ती खिडकीतून रस्त्याकडं बघत बसली. मग एकदम कपाळावर हात मारला. साऱ्या दुनियेला जे विचारायची, ते तिनं आपल्या आईला विचारलंच नव्हतं. आपल्याच घरातलं आहे, त्यात काय विचारायचं, असं धरून चालली होती.

"आई, तू त्यांना कुठून बघायचीस?"

आईला विचारच करावा लागला नाही. "मागून."

"मागून?"

"सायकलवर मागं बसायचे ना मी. सगळं जग मी त्यांच्या मानेपलीकडं बघितलं. घरात कुठं समोर बसले ते? जेवताना मान खाली. झोपले की पाठ. त्या दिवशी आत्ता येतो म्हणाले ते सुद्धा चपला घालता घालता, दाराकडं तोंड करून."

"मग मान सांग."

आणि आई बोलायला लागली. विसरलेली बाई, पण एक अडखळणं नाही. मानेवर दोन आडव्या घड्या, मधली चामडी गोरी, कारण तिथं ऊन पोचायचं नाही. केस कापणारा नेहमी उजवीकडं जास्त वर न्यायचा. डाव्या कानाची वरची कड दुमडलेली. कानामागं काळा ठसा, तेलाच्या हातानं खाजवायची सवय. कॉलर आतून उसवलेली, "शिवायची राहिली होती." बारकी तपकिरी उचलत होती, जांभळी उचलत होती, करडी उचलत होती. कानामागं आली तेव्हा पेन्सिलीवरचं तेल कागदाला लागलं. ह्या वेळी ती चिडली नाही.

"थांब," आई म्हणाली. "आता हात लावू नको."

ती सरकून कागदासमोर बसली. खरं म्हणजे मागं बसली. जरा तिरकी, एका बाजूला पाय घेऊन. डोळे मिटले. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"अहो, हळू. पुढं खड्डा आहे."

मला वाटलं, आता ती मान वळणार. बारकीलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं एक वेडेपणा केला. आईचा डोळा लागल्यावर तिनं कागद उचलला आणि अलगद उलटा करून पलीकडं बघितलं.

पलीकडं कोरं होतं.

ती खूप वेळ त्या कोऱ्या बाजूकडं बघत राहिली. मीही बघत होतो. मला तिथं कोरं दिसत नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, हा म्हातारा बस्ता सांगणार की पेन्सिली जपून वापरा, माझी नाडी नीट बांधा. नका बांधू. मी घट्ट आहे, मला काही होत नाही. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरातलं कुणी चपला घालता घालता पाठमोरं "आत्ता येतो" म्हणालं, तर हाक मारा त्याला. चिडेल, उशीर होतोय म्हणून ओरडेल. ओरडू दे. पण एकदा वळू दे.