पाणी थांबतं असं वाटलेला डोंगा

मी जागेश्वरचा डोंगा बोलतोय. एकदा मला बोलता यायला हवं होतं, तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटला नाही.

सडक अर्जुनीजवळच्या एका आंब्याच्या खोडातून जागेश्वरनं मला कोरलं. बावीस वर्षं आम्ही गावच्या तलावात मासे धरले. तलावाचं पाणी मोठं सज्जन, ठेवाल तिथं ठेवतं. जागेश्वर माझं नाक बेशरमाच्या झुडपात खुपसायचा आणि खुशाल चहाला जायचा. दोर म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

२००४ च्या संक्रांतीनंतर त्यानं मला बैलगाडीवर घालून चुलबंद नदीत आणलं. त्याची लेक रीता खाली दक्षिणेकडच्या गावात दिलेली. तिचा नवरा खेमराज याचा डोंगा पुरात गेला होता. नदी आटायच्या आत दुसरा मिळाला नाही, तर त्यांची मासेमारी बंद. जागेश्वरचे गुडघे थकले होते, म्हणून त्यानं मला लेकीला द्यायचं ठरवलं.

"तुमी बसनं जा. डोंगा मागून कोनीबी आणून देईन," त्याची बायको कुंदाबाई म्हणाली.

"लेकीले द्याची वस्तू हाय, मीच नेतो," म्हणत त्यानं लाखोळीच्या डाळीचं गाठोडं माझ्यात ठेवलं.

नदीत मी पुरता गोंधळलो. तलावात बांबू रेटला तरच मी हलायचो. इथं जागेश्वर बांबू मांडीवर घेऊन बसलेला, तरी काठ मागं पळत होते! सकाळी धुक्यातून सूर्य डावीकडे निघाला, दुपारनंतर उजवीकडे गेला. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, आली की वळायचं, एवढंच मला माहीत; इथं पाळच येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर एक टपरी दिसली. सवयीप्रमाणे जागेश्वरनं माझं नाक बेशरमात खुपसलं, चिखलात टेकायला बांबू घेतला आणि चहाला गेला. दुपट्टा, चपला माझ्यातच.

मी हळूच सुटलो. त्यानं मला सोडलं, की विसरला? की नदीत असंच करतात? कुणाला विचारणार?

ऊन कलताना मी एका घाटाला अडलो. भांडी घासणाऱ्या बाईनं माझ्या नाकावरचा पत्रा पाहिला. लहानपणी तो ठोकताना खिळे तिनंच धरले होते. ती रीता होती. तिनं दुपट्टा उचलला, चपला पाहिल्या आणि किंचाळली, "बाबा!"

किंकाळी ऐकून खेमराज धावत आला आणि त्यानं सासऱ्याला शोधायला नदीत उडी घेतली. रीता मला धरून रडत होती, "मीच मनलं होतं, डोंगा पाह्यजे!"

अगं, तो चहा पितोय! मी आतल्या आत ओरडत होतो. पण लाकडाचं कोण ऐकतो?

अखेर काठानं, अनवाणी, बांबू टेकत जागेश्वर आला.

"डोंगा आला का वो इकडं?" त्यानं धापा टाकत विचारलं. मग तिच्याकडे पाहिलं. "काऊन रडून राहिली?"

रीतानं दुपट्टा त्याच्या अंगावर फेकला आणि त्याच्या गळ्यात पडली.

"पानी थांबते, असं वाटलं मले," तो पुटपुटला.

आता माझं बूड कुजलंय. जागेश्वरही राहिला नाही. मी रीताच्या अंगणात पडून असतो, अंगावर दोडक्याचा वेल आहे. तरी तिनं मला कडुनिंबाला बांधलंय. दोर कुजला की नवा बांधते. कोरड्या अंगणात मी कुठं जाणार, हे मला अजून उमजत नाही. पण तुम्ही कधी आलात, तर ती गाठ तेवढी सोडू नका.