कळलं की सांगा

मानसी उकिडवी बसून लादीवरचा लाल डाग फडक्याने पुसत होती. एक पुसला तर हातभर अंतरावर दुसरा होता, त्याच्यापुढे तिसरा. दारापासून निघालेली ती रांग हॉलमधून बाथरूमपर्यंत गेली होती आणि तिथून वळून गॅलरीकडे.

"आई, बीट कापलं का तुम्ही?"

तुळसाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. वाकून त्यांनी डागाला बोट लावलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं.

"बीट कुठलं. रक्त आहे हे."

सासू-सुनेने आधी आपापल्या टाचा पाहिल्या. मानसीचा नवरा गणेश सकाळीच कामावर गेला होता. मग दोघींनी गॅलरीकडे पाहिलं. मानसीचे सासरे कोंडिराम नुकतेच बाजारातून भाजी घेऊन आले होते आणि खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

"बाबा, तुमचा पाय बघू."

"मला काही झालेलं नाही." त्यांनी पान उलटलं. "लागलं असतं तर कळलं नसतं का मला?"

खुर्चीखाली बशीएवढं थारोळं साचलं होतं. उजव्या टाचेतून थेंब गळत होता आणि कोंडिराम राशिभविष्य वाचत होते.

तुळसाबाईंनी दारातली चप्पल उचलून उलटी केली. बाजारातून येताना स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्यांवरून यावं लागे आणि तिथे रस्त्यावर पत्र्याचं कातरण पडलेलं असे. त्यातलाच एक तुकडा तळ भेदून नखभर वर आला होता. ती चप्पल त्यांनी नवऱ्यासमोर धरली.

कोंडिरामांनी पाय मांडीवर ओढून घेतला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. बाजारापासून घर पंधरा मिनिटांवर होतं. कोथिंबीरवाल्याशी घातलेली हुज्जत त्यांना आठवत होती, नाक्यावर अंगावर येता येता थांबलेली रिक्षा आठवत होती, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने विचारलेली मुलाच्या नोकरीची चौकशीही आठवत होती. या सगळ्यात पाय कुठेच नव्हता.

शिवाय हा तोच पाय होता, जो रोज संध्याकाळी पेटायचा. सहा महिने झाले, दिवेलागण झाली की दोन्ही तळवे निखाऱ्यावर धरल्यासारखे व्हायचे. ओला टॉवेल गुंडाळून ते टीव्हीसमोर बसत आणि विचारलं तर उकाडा आहे म्हणत. पांघरुणाचा स्पर्श सहन न होणाऱ्या पायाला पत्रा कळू नये, हे गणित त्यांना सुटेना.

जखम धुऊन, पट्टी बांधून, इंजेक्शन देऊन झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना तेच विचारलं. भाईंदर पश्चिमेला त्यांच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून डॉक्टर ममता शहांचा दवाखाना होता. मानसी सोबत आली होती आणि टेबलाशी उभी होती.

"डायबेटीस किती वर्षं काका?"

"अकरा."

"मग दोन्ही होऊ शकतं. पायातून मेंदूला खबर नेणारी नस खराब झाली, की खरी खबर वर पोचत नाही. आणि खोटी खबर मात्र जात राहते. आग नसते, पण मेंदूला वाटतं आग आहे."

टेलिफोनच्या जमिनीखालच्या केबली जोडण्यात कोंडिरामांची एकतीस वर्षं गेली होती.

"पावसात केबलमध्ये पाणी शिरलं की फोन आपोआप वाजायचे," ते म्हणाले. "उचलला तर पलीकडे कुणी नाही. आणि कुणी खरंच लावला तर घंटीच वाजायची नाही."

"बघा, तुम्हाला बरोबर समजलं."

"पण आम्ही खड्डा खणून जॉइंट उघडायचो. सुकवायचो, परत बांधायचो. यात जॉइंट कुठे आहे तेवढं सांगा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "असा एक जॉइंट नसतो काका. सगळ्यात लांबच्या टोकाला सुरू होतं आणि हळूहळू वर सरकतं. साखर ताब्यात ठेवली तर तिथेच थांबवता येईल. किती पुढे गेलंय ते आपण बघू या. डोळे मिटा. मी एका बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पायाला टोचणार आहे. कळलं की सांगा."

कोंडिरामांनी डोळे मिटले. डॉक्टरांचं स्टूल करकरलं आणि उजव्या अंगठ्याला काहीतरी टेकलं.

"हो."

स्टूल करकरलं. करंगळीच्या मुळाशी, अगदी हलकं.

"हो."

सात-आठ वेळा ते हो म्हणाले. प्रत्येक वेळी त्यांना जागासुद्धा कळली, अंगठा, चवडा, मधलं बोट. छातीवरचं ओझं उतरू लागलं. शेवटी स्टूल करकरलं तेव्हा तर पायात थोडी गुदगुली झाली आणि तेव्हाही ते हो म्हणाले.

मग स्टूल पुन्हा करकरलं नाही. त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर टेबलाकडे वळून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. दोरा त्यांच्या हातात नव्हताच.

"काका, शेवटचं हो म्हणालात तेव्हा मी फक्त पेन घ्यायला वळले होते."

कोंडिरामांनी मानसीकडे पाहिलं. मानसी भिंतीवरचा तक्ता वाचत होती. तो गुजरातीत होता आणि तिला गुजराती येत नव्हतं.

परत येताना त्यांनी रिक्षा केली. सोसायटीचं फाटक आलं तेव्हा ते म्हणाले, "मी खोटं बोलत नव्हतो गं."

"मला माहितीये बाबा."

"मला खरंच कळत होतं."

ती रिक्षावाल्याला "बस, इधरही रोको" म्हणाली आणि उतरून त्यांच्यासाठी हात पुढे केला. तो हात त्यांनी धरला नाही. पण खाली पाय टाकताना रिक्षा कुठे संपते, रस्ता कुठे सुरू होतो, ते त्यांना डोळ्यांनी बघावं लागलं. असं ते किती दिवस बघत होते, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज कुणीतरी तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, आणि बोटाचं टोक अलगद टेकवून, कळलं का ते विचारायचं. पहिल्या दिवशी कोंडिरामांनी आरसा जमिनीवर ठेवून एकट्यानेच प्रयत्न केला. कंबर वाकेना, आणि वाकली तेव्हा चष्मा गळून पडला. तुळसाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी आवरून मानसी त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली.

"राहू दे," ते म्हणाले. "गणेश आल्यावर बघेल."

"ते येतात तेव्हा तुम्ही झोपलेले असता."

"अगं, पण तू..." त्यांनी पाय खुर्चीखाली ओढले. लग्नानंतर ती उंबऱ्याच्या आत आली आणि वाकली, तेव्हा त्यांनीच तिला दंडाला धरून उभं केलं होतं. या घरात कुणी कुणाच्या पायाला हात लावत नाही, आपण माणसं आहोत, असं ते चारचौघांत म्हणाले होते. बुद्धविहारात त्यावर दोन-तीनदा बोललेही होते.

"हे पाया पडणं नाही बाबा," मानसी म्हणाली. "तपासणं आहे."

तुळसाबाई आतून म्हणाल्या, "द्या की तिला पाय. केवढा वेळ ताटकळवता पोरीला."

त्यांनी उजवा पाय पुढे केला, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. पंखा फिरत होता. त्यांनी सगळं लक्ष पायात नेऊन ठेवलं आणि वाट पाहिली. बराच वेळ झाला. पोरीला संकोच वाटत असणार, स्वाभाविक आहे, असं त्यांच्या मनात आलं.

"लाजू नकोस," ते डोळे न उघडता म्हणाले. "लाव हात. सुरू कर."

उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडले. पाय मानसीच्या मांडीवर होता. तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत तो घट्ट धरला होता आणि मान खाली घातली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही डोळे मिटलेत तेव्हापासून."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. कोंडिरामांनी पाय मागे घेतला नाही. थोड्या वेळाने मानसीने तो अलगद खाली ठेवला, पदरासारखी ओढणी सावरली आणि म्हणाली, "आता डावा."

डावा त्यांनी स्वतःच उचलून तिच्या मांडीवर ठेवला. पुन्हा डोळे मिटले. या वेळी अंगठ्याच्या टोकाशी काहीतरी होतं. मुंगी चढावी तसं, किंवा वारा लागावा तसं. हो म्हणायला त्यांचे ओठ उघडले. ते तसेच थोडा वेळ उघडे राहिले.

"कळलं का बाबा?"

"कळत नाही," कोंडिराम म्हणाले.

"बरं," मानसी म्हणाली. "मग शेजारचं बोट बघू या."