स्पंजाची हळद

आमचे प्राचार्य प्रसाद सर कॉमर्सचे. वाशीच्या खाडीतून, जेट्टीच्या दगडासकट आणलेला स्पंज हा समुद्री जीव आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या टाकीत होता. सरांच्या मते तो मेलेला.

"स्मिता मॅडम, पोट नाही, हृदय नाही, हलतसुद्धा नाही. आज टाकी रिकामी करा. तिथे प्रिंटर बसवायचाय."

माझं डोकं सणकलं. हृदय नाही म्हणून बाहेर काढायचं ठरलं, तर निम्मी स्टाफरूम रिकामी होईल.

स्पंज पाणी ओढतो हे डोळ्यांना दिसलं, तरच तो वाचणार होता. पण पाण्यात रंग हवा, आणि बाटलीतल्या रंगाने तो खरंच मेला असता. तेवढ्यात शिरवणे गावची भाविका, माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, भावाच्या हळदीतून तशीच आली. कानामागे पिवळी. मी तिला अडचण सांगितली.

"मॅडम, घरात ढीगभर हलद हाय ना. आनू?"

घरी कांडलेली कोरडी हळद ती घेऊन आली. टाकीतल्याच खाऱ्या पाण्यात कालवून आम्ही ती फडक्याने गाळली. बघायला आलेल्या प्रसाद सरांनी ड्रॉपर स्वतःकडे घेतला आणि स्पंजाच्या वरच्या मोठ्या भोकात थेंब सोडले. भरवायचं ते तोंडात, हा त्यांचा हिशोब. पिवळं पाणी आत गेलंच नाही, वरच्या वर उधळलं गेलं.

"बघा. घेत नाही."

"सर, ते तोंड नाय," भाविका म्हणाली. "तिथून पानी भायेर येतं. आत जायला अंगभर बारकी भोकं हायत."

तिने कडेला, अगदी बुडाशी ड्रॉपर दाबला. पिवळा ढग स्पंजाच्या अंगाला लागला आणि हळूहळू दिसेनासा झाला. आता ते पाणी बारीक नळ्यांमधून चिमुकल्या कोठड्यांत शिरलं असणार. तिथल्या पेशी शेपट्या हलवत ते पुढे ढकलतात आणि जाता जाता अन्न टिपून घेतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलंय.

मग वरच्या भोकातून बारीक पिवळी धार सरळ वर निघाली.

मला इतका आनंद झाला की मी भाविकाला मिठीच मारली. सर टाकीला नाक लावून उभे होते.

"जिवंत आहे हो हा," ते मलाच समजावून सांगू लागले. "प्रिंटर माझ्या केबिनमध्ये ठेवू."

भाविकाने उरलेल्या हळदीत बोट बुडवलं.

"आमच्याकडं हलदीला आलेला मानूस कोरा जात नाय, सर."

सरांनी चष्मा काढला आणि गाल पुढे केला.